रेकॉर्डिंगला नावं ठेवावीत कशी?

रेकॉर्डर डिजिटल असला तरी आपण काय टिपलं हे त्याला ठाऊक नसतं. झूमच्या छोट्या यंत्रातून फाइल निघते ती ‘झूम०००१’ या नावाची. सोनीच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये तारखेचे सहा आकडे आणि पुढे अनुक्रमांक. टास्कमच्या बऱ्याच यंत्रांत तारीख किंवा आपण दिलेला एखादा छोटा शब्द फाइलच्या नावात घालता येतो, पण मजल तिथवरच. मैफिलीहून घरी आलेल्या रात्री ‘चार नंबरची फाइल म्हणजे मध्यंतरानंतरचा बागेश्री’ हे तोंडपाठ असतं. गणपतीतलं हे पाठांतर दिवाळीपर्यंत टिकत नाही, आणि मग अर्धा तास कानाला हेडफोन लावून बसल्याशिवाय कुठला राग कुठे आहे ते सापडत नाही.

मैफली, कीर्तनं, व्याख्यानं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी टेप करणाऱ्यांसाठी आणि कपाटातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दोघांची अडचण एकच. आवाज सुरक्षित असतो, पण तो कोणाचा, कुठला, कधीचा, ही माहिती सुटी पडलेली असते.

यंत्रातच शीर्षक लिहिण्याची सोय पूर्वीही होती. फिलिप्सने १९९२ साली डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट, म्हणजे डीसीसी, बाजारात आणली. रेकॉर्ड कंपन्यांच्या तयार डीसीसीवर गाण्याचं नाव यंत्राच्या पडद्यावर यायचं आणि नंतरच्या काही यंत्रांत स्वतः मुद्रित केलेल्या टेपवरही अक्षरं लिहिता यायची. १९९६ मध्ये हे सगळं प्रकरण गुंडाळलं गेलं. डीसीसीच्याच सुमारास आलेल्या सोनीच्या मिनीडिस्कवर चकती फिरवत एकेक अक्षर निवडून ट्रॅकचं नाव भरता येई. डॅटच्या, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपच्या, घरगुती यंत्रांत सहसा तेवढंही नव्हतं. तिथे ‘स्टार्ट आयडी’ नावाची खूण आणि तिचा क्रमांक. ही खूण मूळ आवाजाला धक्का न लावता नंतरही टाकता येते, पुसता येते, आणि ‘रीनंबर’ केलं की सगळ्या टेपवरचे क्रमांक पुन्हा ओळीने लागतात. पण तीन नंबरला काय आहे हे कागदावरच लिहायचं. सोनीने डॅटची शेवटची यंत्रं २००५ मध्ये विकली.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कोणाकडे मिनीडिस्क किंवा डीसीसी असेल आणि यंत्र अजून चालत असेल, तर आवाज उतरवण्याआधी पडद्यावर दिसणारी सगळी शीर्षकं वहीत उतरवून घ्या, नाहीतर फोनने पडद्याचे फोटो काढा. वायरमधून संगणकात आवाज येतो, ती अक्षरं येत नाहीत. यंत्र बंद पडलं की शीर्षकंही गेली.

म्हणून पहिला नियम क्रमांकाचा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक कायमचा क्रमांक द्या आणि तो पुन्हा कधीही बदलू नका. शीर्षक मात्र बदलत राहील, बदलायलाच हवं. आज ‘कल्याणचा कुठला तरी प्रकार’ असं लिहिलेलं असेल, उद्या एखादा जाणकार ऐकून ‘शुद्ध कल्याण’ सांगेल. क्रमांक स्थिर असला की ही दुरुस्ती निर्धास्त करता येते. कॅसेटींसाठी ०४७अ०३ अशी साधी रचना पुरते: सत्तेचाळिसावी कॅसेट, अ बाजू, तिसरा ट्रॅक. हाच क्रमांक कॅसेटच्या अंगावर पेन्सिलीने, आतल्या कार्डावर आणि डबीवर, तिन्हीकडे घाला. कार्डं आणि डब्या एकमेकांत अदलाबदल झालेल्या असतात, हे जुना संग्रह उघडला की पहिल्या तासातच कळतं. कार्डावर ‘नाट्यगीते’ आणि आत कोणाच्या तरी मुंजीतल्या मंगलाष्टका. अशा वेळी कार्डावरचं फाडून टाकू नका. कार्डाचा फोटो त्याच क्रमांकाने जपा आणि आत प्रत्यक्षात काय आहे ते वेगळं लिहा. शून्यं सुरुवातीपासून घाला. ‘१, २, १०’ असे आकडे ठेवलेत तर बरीच यंत्रं एकानंतर दहा वाजवतात. आणि फाइलच्या नावात आकडे इंग्रजी ठेवा, म्हणजे कुठल्याही यंत्रात ओळीने लागतील.

नवीन मुद्रण करत असाल तर सगळ्यात खात्रीचं शीर्षक आवाजातच टाका. रेकॉर्डर सुरू केलात की त्याच्याजवळ तोंड नेऊन हळू आवाजात तारीख, ठिकाण, कलाकार, साथीदार सांगा. वीस सेकंदांचं काम आहे. फाइलचं नाव बदललं, टॅग पुसले गेले, वही हरवली, तरी हे बोलणं आवाजाला चिकटून राहतं. रेकॉर्डरच्या घड्याळावर विसंबू नका. बॅटरी काढून ठेवली की बऱ्याच यंत्रांतलं घड्याळ मागे जातं आणि मग मार्चमधली मैफल भलत्याच साली झाल्याचं दिसतं. तारीख तोंडानेच सांगितलेली बरी. राग, ताल ही माहिती मिळवायची तर कार्यक्रम संपल्यावर गायकाच्या भोवतीच्या गर्दीत शिरू नका. हार्मोनियम गुंडाळत असलेल्या साथीदाराला विचारा, तो शांतपणे आणि नेमकं सांगतो. तबलजी ताल सांगेलच. गायकाने स्वतः मंचावरून ‘आता अमुक राग ऐकवतो’ असं म्हटलं असेल तर ते वाक्य नंतर काटछाट करताना उडवू नका. त्याच्याइतकं अस्सल शीर्षक तुम्हाला मिळणार नाही.

मुद्रण चालू असताना बटण दाबून खूण टाकायची सोय बऱ्याच रेकॉर्डरमध्ये असते. ती वापरा, पण हातचं राखून. टाळीला एक, नव्या रागाला एक, बस. दर पाच मिनिटांनी दाबलेल्या खुणा घरी आल्यावर निरुपयोगी ठरतात, शिवाय बटणाचा ‘टक्’ आवाज आलापात टिपला जातो तो वेगळाच.

लांब कार्यक्रमात आणखी एक गंमत होते. सीडीच्या दर्जाचं मुद्रण मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातं आणि अनेक रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल आपोआप तोडून दुसरी सुरू करतात. सव्वातीन तासांच्या आसपास ही वेळ येते. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असं मोठं माप लावलंत तर तासाभरातच. ही तोड रागाच्या मधोमध पडते आणि दुसरी फाइल नवीन ट्रॅक आहे असं समजून आपण तिला वेगळं नाव देऊन बसतो. आधी दोन्ही तुकडे जोडा, मग ट्रॅक पाडा.

ट्रॅक पाडण्यासाठी ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा कार्यक्रम पुरेसा आहे. रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावरची फाइल आधी संगणकावर उतरवून घ्या आणि कार्डावर असताना तिचं नाव बदलू नका. यंत्राला मग ती ओळखू येईलच असं नाही. ऑडॅसिटीत फाइल ऐकत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी एक लेबल तयार होतं आणि त्यात लगेच टाइप करता येतं. सगळी लेबलं लागली की निर्यात करताना ‘अनेक फायली’ हा पर्याय निवडा, लेबलाचं नाव हेच फाइलचं नाव होतं. त्याआधी लेबलांची यादी मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी काढून ठेवा. कुठल्या सेकंदाला काय आहे याचा तो आयता नकाशा असतो आणि पुढे पुन्हा ट्रॅक पाडायची वेळ आली तर तास वाचतात. शांत जागा शोधून आपोआप लेबलं लावायची सोयही तिथे आहे. ती गाण्याच्या कॅसेटला बरी. ख्यालाच्या मैफिलीत ती विलंबितातल्या दोन स्वरांमधल्या विरामालाही ट्रॅकचा शेवट समजते.

ट्रॅक कुठे तोडायचा, यावर माझं मत ठाम आहे: एक राग, एक ट्रॅक. बडा ख्याल आणि छोटा ख्याल वेगळे करू नयेत. सतार-सरोदवादनात आलाप, जोड, झाला यांचे तुकडे पाडून कंपन्यांनी सीड्या काढल्या, पण ऐकताना मधे पडणारी ती अर्ध्या सेकंदाची खाच रसभंग करते. छोटा ख्याल कुठे सुरू होतो ते मिनिटांत लिहून ठेवलं की झालं. तानपुरे जुळवतानाचं थोडं राहू द्या. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन ट्रॅक सोयीचे पडतात. शीर्षकात पूर्वरंगाला निरूपणाचा अभंग कोणाचा ते लिहावं आणि उत्तररंगाला आख्यानाचं नाव द्यावं. व्याख्यानात वक्त्याचा परिचय आणि प्रश्नोत्तरं वेगळी काढायला हरकत नाही, कारण पुढे कोणी शोधत येतं ते बहुधा प्रश्नोत्तरांसाठीच.

आता शीर्षक. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण लोक एकाच ओळीत सगळं कोंबतात: पंडितजींचं नाव, राग, ताल, गाव, साल, मैफल कोणी ठेवली, सगळं. फाइलला माहितीचे वेगवेगळे रकाने असतात. त्यांनाच टॅग म्हणतात. शीर्षक, कलाकार, अल्बम, साल, ट्रॅकचा क्रमांक, टिप्पणी. कलाकाराचं नाव कलाकाराच्या रकान्यात असेल तर शीर्षकात पुन्हा नको. गाडीतल्या किंवा खिशातल्या प्लेअरच्या छोट्या पडद्यावर पहिली पंधरा-वीस अक्षरंच दिसतात, म्हणून शीर्षकाची सुरुवात रागाने करावी: ‘शुद्ध कल्याण – विलंबित एकताल, द्रुत तीनताल’. मैफिलीचं ठिकाण आणि तारीख अल्बमच्या रकान्यात जातात. तबला, पेटी, तानपुरा यांवर कोण होतं ते टिप्पणीत. तारीख साल-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की मैफली आपोआप काळाप्रमाणे लागतात.

कलाकाराच्या रकान्यात ‘पंडित’, ‘विदुषी’, ‘उस्ताद’ लिहू नये. यात अनादर काही नाही. एका फाइलीवर ‘पं. भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पंडित भीमसेन जोशी’, तिसरीवर नुसतं ‘भीमसेन जोशी’ आणि चौथीवर रोमन लिपीत, असं झालं की यंत्र चार वेगवेगळे गायक दाखवतं. शिवाय अर्धा संग्रह ‘प’ या अक्षराखाली जाऊन बसतो. पदव्या टिप्पणीत सुखाने नांदू द्याव्यात.

रागांच्या नावांचंही तेच. मालकंस की मालकौंस, बागेश्री की बागेश्वरी, मारुबिहाग एक शब्द की दोन, मियाँमल्हार की मियाँ की मल्हार? व्याकरणाचा वाद घालत बसण्याचं हे ठिकाण नव्हे. एक रूप निवडा, यादी करून भिंतीला लावा आणि तेच वापरा. यमन आणि यमन कल्याण हे मात्र वेगळे ठेवा. तिथे फरक लिहिण्याचा नसून गाण्याचा आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांना दोन छुपे खड्डे आहेत. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत लिहिलेली यादी दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडते. म्हणून युनिकोडच, मग कळफलक इनस्क्रिप्ट असो वा उच्चारानुसारी. दुसरा खड्डा युनिकोडच्या आतला आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एकदा खालच्या बिंदीच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही एक, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने शोधलं तर सापडत नाही. ‘ॲ’ची कथाही तशीच. फोनवर काही नावं, लॅपटॉपवर काही, असं काम केलंत तर हे हमखास होतं. शोधाशोधीत एखादं गाणं गायब वाटलं तर आधी इथे संशय घ्या.

टॅग कुठल्या प्रकारच्या फाइलीत लिहिताय यालाही महत्त्व आहे. एमपीथ्रीचा सर्वांत जुना टॅग, आयडीथ्रीची पहिली आवृत्ती, फाइलच्या शेवटी १२८ बाइटची जागा घेतो आणि त्यात कलाकाराला फक्त ३० बाइट. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात. ‘भीमसेन जोशी’ मोजून पाहा: वर्ण आणि मात्रा मिळून दहा, म्हणजे ३० बाइट, आणि मधली मोकळी जागा धरून ३१. एका बाइटने नाव बसत नाही, शेवटची वेलांटी तुटते! मुळात तो टॅग देवनागरीसाठी केलेलाच नव्हता. म्हणून टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही निवड करून ठेवा, जुन्या-नव्या बहुतेक यंत्रांना ती वाचता येते. एमपीथ्रीटॅग नावाचा कार्यक्रम विंडोजवर फुकट मिळतो. फाइलच्या नावावरून टॅग भरणं किंवा टॅगवरून फाइलचं नाव बनवणं तो शेकडो फायलींना एका दमात करतो, त्यामुळे आधी दोन-चार फायलींच्या प्रतीवर करून पाहावं.

वेव्ह फाइलमध्ये टॅगची सोय तोकडी आहे आणि देवनागरीचा तिथे भरवसा नाही. रेडिओ केंद्रांसाठी युरोपीय प्रसारण संघाने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हा प्रकार काढला, त्यात वर्णनाला २५६ अक्षरांची जागा आहे, पण तीही रोमन लिपीचीच. तेव्हा मूळ वेव्ह फाइलच्या नावात फक्त क्रमांक आणि तारीख ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. रोजच्या वापरासाठी फ्लॅक प्रत काढा. फ्लॅक आवाजाची जराही काटछाट न करता जागा वाचवतं, टॅग यूटीएफ-८ मध्ये असल्याने मराठी नीट बसतं, आणि स्वतःचे रकाने तयार करता येतात. रकान्याचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं, आतला मजकूर मराठीत चालतो. राग, ताल, घराणं असे वेगळे रकाने एकदा केलेत की ‘झपतालातलं सगळं काढा’ असं संगणकाला सांगता येतं. कंपन्यांच्या ॲपमध्ये अजून ही सोय धड मिळत नाही.

फाइलच्या नावात तिरकी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारका आणि दुहेरी अवतरणचिन्हं विंडोजला चालत नाहीत. ‘१४/२’ अशी तारीख घालायला गेलात तर तिथेच अडकाल.

या सगळ्याच्या जोडीला एक तक्ता हवाच. एक्सेल किंवा गूगल शीट, काहीही. पहिला स्तंभ तो कायमचा क्रमांक, बाकीचे टॅगप्रमाणे, आणि शेवटचा ‘हे कोणी सांगितलं’. कार्डावरून घेतलं, गायकाने मंचावर सांगितलं, की काकांनी ऐकून ओळखलं, हे लिहिलेलं असलं की पुढे वाद झाल्यावर कोणावर किती विश्वास टाकायचा ते ठरवता येतं. तक्ता सीएसव्ही म्हणून जपताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.

ज्याला मुळात शीर्षकच नाही त्याचं काय, हा प्रश्न लोकगीतांत येतो. जात्यावरच्या ओव्यांना कवयित्रीने नाव दिलेलं नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काहींचं १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रणही झालं, आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आता वाचायला-ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. आजीची ओवी टेप करणाऱ्याने हाच कित्ता गिरवावा. शीर्षक म्हणून ओवीचे पहिले चार शब्द, कलाकार म्हणून आजीचं पूर्ण नाव, टिप्पणीत सासरचं आणि माहेरचं अशी दोन्ही गावं. माहेरचं गाव विसरू नका. ओव्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात. अल्बमला ‘आजी’ एवढंच नाव देऊ नये. नातवंडांच्या फोनमध्ये दोन आज्या असतात.

माहीत नसलेल्या गोष्टीसाठीही एक ठरलेला शब्द हवा. रकाना रिकामा सोडला तर भरायचा राहिला की माहिती मिळालीच नाही, हे वर्षभराने सांगता येत नाही. ‘अज्ञात’ लिहा. अंदाज असेल तर पुढे कंसात ‘अंदाज’ लिहा, ‘बिहाग (अंदाज)’ असं. नुसत्या अंदाजाने ठोकून दिलेलं नाव व्हॉट्सॲपवरून एकदा बाहेर पडलं की तेच खरं म्हणून फिरत राहतं आणि मग ते कोणी दुरुस्त करत नाही. गळ्यावरून गायक ओळखण्याच्या बाबतीत तर फारच जपून, कारण एकाच गुरूचे दोन शिष्य तरुणपणी अगदी सारखे गातात.

शेवटी, प्रती वाटण्याआधी त्या जिथे वाजणार तिथे वाजवून पाहा. जुन्या मोटारीतल्या प्लेअरवर आणि स्वस्त ब्लूटूथ स्पीकरच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. अशांसाठी रोमन लिपीतल्या शीर्षकांची एक एमपीथ्री प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. मराठी टॅग त्यासाठी बदलू नयेत. क्रमांक दोन्हीकडे एकच राहील.